अल्बमची पन्नाशी आणि विचारायचे राहिलेले प्रश्न

मंडळी, नमस्कार.

आजचा विषय आहे रॉक संगीतातल्या गाजलेल्या अल्बमच्या वर्धापनदिनांना रेडिओवर होणाऱ्या मुलाखती. पण सुरुवात रेडिओपासून नको, एका अल्बमपासूनच करू. कारण प्रश्न कसा विचारावा याचा एक वस्तुपाठ त्या अल्बमच्या पोटातच आहे.

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत तयार होत होता. काम संपत आलं होतं. बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स यानं काही प्रश्न कार्डांवर लिहून काढले आणि स्टुडिओत सापडेल त्या माणसाला एकेक करून माइकसमोर बसवलं. बँडचं सामान वाहणारी मंडळी, दुसऱ्या बँडचे वादक, दारावरचा आयरिश दरवान जेरी ओड्रिस्कॉल, जो मिळेल तो. पहिले प्रश्न अगदी साधे. आवडता रंग कुठला? खायला काय आवडतं? त्यात माणूस सैल झाला की पुढचं कार्ड: तुम्ही शेवटचा कोणावर हात कधी उगारलात? लगेच त्यापुढचं: तेव्हा बरोबर तुमचं होतं का? मग मरणाची भीती वाटते का, आणि अखेर, चंद्राची काळी बाजू म्हणजे तुमच्या मते काय? पुढच्या कार्डावर काय आहे हे माहीत नसल्यामुळे उत्तर मनात जुळवायला सवडच नव्हती.

बीटल्समधला पॉल मॅकार्टनी आणि त्याची बायको लिंडा तेव्हा त्याच इमारतीत काम करत होते. त्यांनाही बसवलं. त्यांची उत्तरं वापरली गेली नाहीत, कारण वॉटर्सला ती मुद्दाम गमतीशीर केल्यासारखी वाटली. आणि दरवानाचं उत्तर? अल्बमच्या अगदी शेवटी, हृदयाचे ठोके विरत जाताना तो बोलतो की चंद्राला काळी बाजू अशी नसतेच, खरं तर तो सगळाच काळा आहे. मुलाखती देण्यात मुरलेला जगप्रसिद्ध माणूस बाद झाला आणि दरवान आज पन्नासहून अधिक वर्षं जगभर ऐकला जातोय. मला आज जे सांगायचंय ते सगळं या एका निवडीत आहे.

आता रेडिओकडे येतो. अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या डॅलसमध्ये क्यू-१०२ नावाचं रॉक स्टेशन होतं. तिथला निवेदक डग हिल. पण त्या नावानं त्याला कोणी ओळखत नाही, श्रोत्यांसाठी तो रेडबीअर्ड, म्हणजे लाल दाढीवाला. १९८८ साली त्यानं 'इन द स्टुडिओ' नावाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. एक तास, एक अल्बम. ज्यांनी तो केला त्यांच्याच तोंडून त्याची जन्मकथा, मधेमधे गाणी. हा कार्यक्रम एकट्या डॅलसचा राहिला नाही. सीडीवर मुद्रित होऊन तो गावोगावच्या स्टेशनांना जायचा. सोबत एक कागद असायचा, कुठल्या मिनिटाला स्थानिक जाहिराती टाकायच्या हे सांगणारा. त्या सीडी आज संग्राहक जपून ठेवतात. पुढे रेडिओचे दिवस पालटले, कार्यक्रम इंटरनेटवर आला, तरी माणूस तोच आणि रीतही तीच. अमुक अल्बमला पंचवीस झाली, तमुकला चाळीस, आता पन्नास.

इंग्लंडमध्येही त्याच सुमारास हे सुरू झालं. १९८९ मध्ये बीबीसी रेडिओ वनवर रॉजर स्कॉटनं 'क्लासिक अल्बम्स' ही मालिका सादर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर तो कर्करोगानं गेला, आणि रिचर्ड स्किनरनं मालिका पुढे नेली. आजारी असताना माणूस दुसऱ्यांच्या गाण्यांच्या आठवणी गोळा करत होता, हे मला विसरता येत नाही.

हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटीच का सुरू झालं? एक कारण धंद्याचं आहे, ते चटकन सांगून टाकतो. कॉम्पॅक्ट डिस्क आली होती आणि कंपन्यांना जुना माल नव्या डबीत विकायचा होता. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' १ जून १९८७ रोजी, वीस वर्षांच्या मुहूर्तावर, सीडीवर आला आणि पुन्हा बातमी झाला. वर्धापनदिन विकला जातो हे सगळ्यांना कळलं. तेव्हापासून दर पाच-दहा वर्षांनी नवी आवृत्ती, सोबत जाडजूड पुस्तिका, आणि त्या निमित्तानं कलाकार मुलाखतींना हजर. काही लोक याला नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. एरवी ज्याचा दरवाजा उघडत नाही असा माणूस तारखेच्या निमित्तानं दोन तास समोर बसतो. ते दोन तास तुम्ही कसे वापरता यावर पुढचं सगळं ठरतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. हे अल्बम केले तेव्हा ती पोरं विशी-पंचविशीतली होती. तेव्हा त्यांना जे विचारलं जायचं ते नव्या दौऱ्याबद्दल, केसांबद्दल, मैत्रिणींबद्दल. कुठल्या खोलीत काय वाजवलं हे विचारण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. पंधरा-वीस वर्षांनी कळलं की ही गाणी जात नाहीयेत. 'डार्क साइड' अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे होता. जे टिकलं त्याच्याबद्दल विचारायला हवं हे टिकल्यावरच सुचतं, आणि तोपर्यंत साक्षीदार म्हातारे व्हायला लागलेले असतात.

इथे मुलाखतकाराची खरी अडचण सुरू होते. प्रसिद्ध माणसानं एकच गोष्ट हजारदा सांगितलेली असते. सांगून सांगून ती गुळगुळीत झालेली असते. तुम्ही 'हे गाणं कसं सुचलं?' म्हणालात की ती आपोआप सुरू होते, त्याच विरामांसकट, त्याच हशाच्या जागांसकट. तो खोटं बोलत नसतो, पण तो आठवतही नसतो. तो स्वतःचीच जुनी मुलाखत पुन्हा म्हणून दाखवत असतो.

मी रेडिओसाठी जुन्या वादकांच्या बऱ्याच मुलाखती घेतल्या. त्यातली एक सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते नीट कळेल. मूळचे गोव्याचे एक व्हायोलिनवादक होते, हयात मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेलेली. माहीमच्या त्यांच्या घरी गेलो. मोठमोठ्या संगीतकारांबद्दल विचारलं तर सगळे देवमाणूस, सगळे थोर, काळ फार चांगला होता. पाऊण तास असाच गेला. मग मी विचारलं, रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये तुम्ही बसायचात कुठे? ते थांबले. उठले. जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओढून त्यांनी खोलीत अर्धवर्तुळ मांडायला सुरुवात केली. ही माझी, हा माझा जोडीदार, आम्हा दोघांत नोटेशनचा एक स्टँड, पान उलटायचं काम त्याचं, कारण तो आतल्या बाजूला. इथे माइक. ढोलकवाला पार तिकडे, दाराजवळ, त्याचा आवाज सगळ्यांवर चढायचा म्हणून. आणि त्या खुर्चीत बसल्यावर त्यांना कोणत्या गाण्याच्या कोणत्या टेकला कोण चुकलं, पुन्हा कितीदा घ्यावं लागलं, कोण चिडलं, सगळं धडाधड आठवायला लागलं. शरीराला जागा आठवली की मनाला गोष्ट आठवते.

रेडबीअर्डच्या कार्यक्रमाचं नावच 'स्टुडिओत' असं आहे, आणि मला वाटतं त्याचं मर्म तिथेच आहे. खोली कुठली, टेप कुठली, कोण कुठे उभं होतं. या वाटेनं गेलं की अल्बमच्या गोष्टी किती वेगळ्या निघतात, बघा.

ईगल्स या अमेरिकन बँडचं 'हॉटेल कॅलिफोर्निया' घ्या. अल्बम आला ८ डिसेंबर १९७६ ला. गाण्याचा अर्थ काय, ते हॉटेल कुठे आहे, यावर पन्नास वर्षं लोक बोलतायत आणि त्यातून फार काही हाती लागलेलं नाही. पण शेवटच्या त्या दोन गिटारींबद्दल विचारा. बँडचा तेव्हाचा गिटारिस्ट डॉन फेल्डर सांगतो की मालिबूला समुद्रकाठी भाड्याच्या घरात राहत असताना त्यानं ती चाल कॅसेटवर मुद्रित करून बँडला दिली होती. पुढे मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत तो आणि दुसरा गिटारिस्ट जो वॉल्श शेवटचा भाग नव्यानं रचायला लागले, तर बँडचा गायक-ड्रमर डॉन हेन्ली यानं त्यांना थांबवलं. कॅसेटवर आहे तस्संच हवं. कॅसेट तर लॉस एंजेलिसला घरी. फेल्डरनं घरी फोन लावला. घरकाम करणाऱ्या बाईंनी कॅसेट शोधून यंत्रात घातली आणि फोनचा रिसीव्हर त्याच्यापाशी धरला. देशाच्या त्या टोकाहून टेलिफोनच्या तारेतून आलेला स्वतःचाच सोलो फेल्डरनं मायामीत पुन्हा ऐकून बसवला. रॉकमधल्या सर्वांत प्रसिद्ध सोलोपैकी एक तुमच्या-आमच्यापर्यंत पोचला त्यात त्या बाईंचाही हात आहे. हे 'गाण्याचा अर्थ काय' या प्रश्नातून कधीच बाहेर आलं नसतं.

फ्लीटवूड मॅकचा 'रूमर्स', फेब्रुवारी १९७७. त्याबद्दल बोलायला सुरुवात केली की सगळे संसारांवर घसरतात. बँडमधल्याच जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही यांचा घटस्फोट, स्टीव्ही निक्स आणि लिंडसे बकिंगहॅम यांची ताटातूट, मिक फ्लीटवूडच्या घरातही तेच. खरं आहे सगळं, आणि गाण्यांत आहेच. पण त्याचा एक निर्माता आणि ध्वनिमुद्रक केन कॅलाट याला विचारलं तर तो टेपबद्दल सांगतो. एकावर एक थर चढवताना तीच टेप इतक्या वेळा यंत्रातून गेली की तिच्यावरचा मसाला झिजायला लागला. ड्रमची धार गेली, वरचे स्वर बोथट झाले. नशिबानं सुरुवातीच्या मुद्रणाची दुसरी प्रत वेगळी ठेवलेली होती. एक तंत्रज्ञ कानाला हेडफोन लावून बसला, एका कानात झिजलेली टेप, दुसऱ्या कानात ताजी, आणि हातानं वेग कमीजास्त करत दोन्ही यंत्रं एकमेकांशी जुळवत त्यानं नवे ड्रम आणि जुने सूर एकत्र आणले. आज आपण जो 'रूमर्स' ऐकतो तो या जुळणीतून वाचलेला अल्बम आहे. कोट्यवधी प्रती खपल्या त्याच्या. त्या रात्री हात थरथरला असता तर?

लेड झेपलिनच्या चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' तर एका जिन्याचं गाणं आहे. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या थंडगार वास्तूच्या प्रवेशदालनात जॉन बॉनमचे ड्रम मांडले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सनं दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. ड्रमजवळ एकही नाही. तो जो डोंगर कोसळल्यासारखा आवाज येतो तो तीन मजली जिन्याचा. बॉनम १९८० सालीच गेला. अल्बमच्या एकाही मोठ्या वर्धापनदिनाला तो नव्हता. अशा वेळी माइक लावणाऱ्याला गाठावं लागतं. तोही २०१३ मध्ये गेला. ज्यांनी त्याला वेळेत विचारलं त्यांच्यामुळे आपल्याला जिना माहीत आहे.

आठवणींवर भरवसा किती ठेवायचा, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच बोलतो. फार ठेवू नये, आणि तरी विचारत राहावं. पिंक फ्लॉइडचीच गोष्ट. १९७५ च्या जूनमध्ये 'विश यू वेअर हिअर'चं काम चालू असताना ॲबी रोडमध्ये एक लठ्ठ, टक्कल केलेला, भुवयासुद्धा भादरलेला माणूस येऊन बसला. तो सिड बॅरेट होता, बँडचा पहिला कर्णधार, जो मनानं ढासळल्यामुळे काही वर्षांपूर्वी बाहेर पडला होता. ज्याच्या आठवणीनं तो अल्बम भरलेला आहे तोच खोलीत बसलाय आणि मित्रांना ओळखू येत नाहीये. आता या प्रसंगाच्या मुलाखती लागोपाठ ऐका. बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याला आठवतं की सिड मधेच उभा राहून दात घासायचा, ब्रश ठेवायचा, खाली बसायचा. इतरांना इतर काही. तारखेवरही एकमत नाही, त्या वेळी कुठलं गाणं वाजत होतं यावरही नाही. मला यात उणेपण वाटत नाही. चारी माणसांनी एकच तपशील सांगितला असता तर मी म्हणालो असतो की यांनी एकमेकांच्या मुलाखती वाचल्यात. जो तो वेगळं सांगतो, कारण ज्याला ज्यानं टोचलं तेच त्याच्याकडे उरलं.

आणि अशा बँडच्या बाबतीत रेडिओचा निवेदक एक फार मोठं काम करतो. ही माणसं पुढे एकमेकांशी बोलेनाशी झाली. वॉटर्स आणि गिटारिस्ट डेव्हिड गिलमोर यांना एका टेबलाशी बसवणं कोणाच्या बापाला जमलेलं नाही. २००५ च्या जुलैत लंडनच्या लाइव्ह एट या जलशात पिंक फ्लॉइडचे चौघं एका मंचावर आले, ते चोवीस वर्षांनी, आणि तेवढंच. पण निवेदक एकाला एका वर्षी गाठतो, दुसऱ्याला दुसऱ्या वर्षी, तिसऱ्याला तिसऱ्या शहरात, आणि मग संपादनाच्या टेबलावर त्यांची वाक्यं शेजारीशेजारी ठेवतो. एक म्हणतो की ही चाल माझी. पुढच्याच क्षणी दुसरा सांगतो की चाल त्याची, पण ती लांबवली मी. अल्बम केला तेव्हाची ती खोली पुन्हा भरते. प्रत्यक्षात ती माणसं शेजारी बसणार नसली तरी.

संपादनाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बाहेर कोणी बोलत नाही. आमच्या काळात पाव इंची टेप ब्लेडनं तिरकी कापून चिकटपट्टीनं जोडायची. टेप सेकंदाला साडेसात इंच पळायची. म्हणजे बोलणारा दोन सेकंद गप्प बसला की पंधरा इंच टेप कोरी. नवशिक्याचा हात पहिल्यांदा तिथेच जातो. वेळ वाचतो ना. पण म्हातारा माणूस उत्तर देण्याआधी जिथे थांबतो तिथेच तो खरोखर आठवत असतो. पाठ केलेल्या उत्तराआधी शांतता नसते. ती पंधरा इंच टेप कापली की मुलाखतीतला जिवंत भागच कचऱ्याच्या टोपलीत गेला. चांगल्या कार्यक्रमात ती शांतता ठेवलेली ऐकू येते आणि मला त्या निवेदकाबद्दल लगेच आदर वाटतो.

काही वेळा मात्र दुसरी संधीच नसते. ८ डिसेंबर १९८० रोजी दुपारी न्यूयॉर्कच्या डकोटा इमारतीत आरकेओ रेडिओच्या मंडळींनी बीटल्सपैकी जॉन लेनन याची मुलाखत घेतली. त्याचा अल्बम 'डबल फँटसी' येऊन तीन आठवडेच झाले होते. लेनन भरभरून बोलला, पुढच्या कामाबद्दल, मुलाबद्दल, चाळिशीबद्दल. मुलाखत संपल्यावर तो आणि त्याची बायको योको त्याच मंडळींच्या गाडीतून रेकॉर्ड प्लांट स्टुडिओकडे गेले. रात्री घरी परतताना दारातच त्याला गोळ्या घातल्या गेल्या. 'डबल फँटसी'ला दहा झाली, पंचवीस झाली, चाळीस झाली. दर वेळी लेननच्या बाजूनं बोलतात त्या या आणि याआधीच्या काही दिवसांतल्या टेपा. त्या दुपारी मशीन नीट चालू होतं म्हणून ते शब्द आहेत.

क्वीनच्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'ला नोव्हेंबर २०२५ मध्ये पन्नास वर्षं पूर्ण झाली. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा, १९९१ मध्ये गेला. मुळातच तो मुलाखतींना फारसा राजी नसे. जॉन डीकन केव्हाच निवृत्त होऊन गप्प झालेला. उरले ब्रायन मे आणि रॉजर टेलर. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या त्या आवाजांच्या थरांबद्दल ते अजूनही हौसेनं सांगतात, पण ते गाणं ज्याच्या डोक्यात आधी पूर्ण वाजलं होतं त्याला विचारायचं राहून गेलं ते गेलंच.

आता मला मुखपृष्ठावर नसलेल्यांकडे वळायचंय, कारण या सगळ्या व्यवहारात माझी तक्रार असेल तर ती इथे आहे. वर्धापनदिनाला गायक येतो, गिटारिस्ट येतो. बाकीचे?

परत 'डार्क साइड'. त्यात 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहे, गायलेला एकही शब्द नसलेलं, बाईच्या आवाजाचं. ती क्लेअर टॉरी. जानेवारी १९७३ मधल्या एका रविवारी तिला बोलावलं. शब्द नाहीत, स्वतःला वाद्य समज आणि गा, एवढीच सूचना. तिनं काही टेक दिले, मानधनाचे ३० पौंड घेतले, आणि आपलं गाणं बहुधा वापरणार नाहीत असं समजून घरी गेली. पुढे रेकॉर्डच्या दुकानात अल्बमवर तिला स्वतःचं नाव दिसलं. पण ते गायिका म्हणून. रचना एकट्या रिचर्ड राइटच्या नावावर होती. २००४ मध्ये ती न्यायालयात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागलं. बत्तीस वर्षं. त्या काळात या अल्बमच्या दहा, वीस, पंचवीस, तीस वर्षांच्या मुलाखती होऊन गेल्या होत्या. 'चाल तुम्हाला कोणी दिली होती?' हा साधा प्रश्न कोणी तिच्यापुढे नीट धरला असता, तर हे उत्तर आधीच साऱ्या जगानं ऐकलं असतं.

आणि आणखी एक नाव. 'डार्क साइड' अमेरिकेत चालवला कोणी? पिंक फ्लॉइडचे आधीचे अल्बम तिथे फारसे खपले नव्हते. कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे तेव्हाचे प्रमुख होते भास्कर मेनन, तिरुवनंतपुरमचे. त्यांनी कंपनीची सगळी ताकद या एका अल्बममागे लावली आणि तो पहिल्या क्रमांकावर नेला. २०२१ मध्ये ते गेले.

मेनन यांचं नाव मी मुद्दाम घेतलं, कारण तिथून रस्ता थेट मुंबईला येतो. कॅपिटॉलला जाण्याआधी ते ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं काम पाहत होते. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाचं संगीत मुद्रित करायला मुंबईत आला. फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरचा एचएमव्हीचा स्टुडिओ. तिथे स्टिरिओ मुद्रणाची सोय नव्हती, म्हणून मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून रेल्वेनं आणवलं. हॅरिसननं स्वतः हे सांगून ठेवलंय. स्टुडिओत बाहेरच्या रहदारीचा आवाज शिरायचा. त्या मुद्रणातून 'वंडरवॉल म्युझिक' झाला, बीटल्सपैकी कोणाचाही पहिला स्वतंत्र अल्बम, नोव्हेंबर १९६८. त्याच दिवसांत 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीतही मुंबईतच झालं, ते मार्चमध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघालं. पुढे १९७२ मध्ये लेड झेपलिनचे गिटारिस्ट जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन आपल्या वादकांबरोबर दोन गाणी मुद्रित करून गेले, ती अधिकृतपणे निघाली २०१५ मध्ये.

हॅरिसनबरोबर कोण वाजवत होतं? सरोदवर आशीष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, 'इनर लाइट'मध्ये बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, पखवाजावर महापुरुष मिश्र, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंगरेकर, तारशहनाईवर विनायक व्होरा. आणि शहनाईवर एक नाव आहे जे इंग्रजी श्रेयनामावलीत 'हनुमान जादेव' असं छापलंय. हे जाधव असणार, दुसरं काय? बीटल्सच्या तबकडीवर एका जाधवांची शहनाई आहे.

'वंडरवॉल'ला २०१८ मध्ये पन्नास वर्षं झाली. शिवकुमारजी होते, आशीष खान होते. शिवकुमारजी २०२२ मध्ये गेले, आशीष खान २०२४ मध्ये. परदेशी निवेदक हॅरिसनबद्दल विचारतो, हे स्वाभाविक आहे. त्याला शहनाईवादकाचं घर शोधायला मुंबईत कोण नेणार? ते आपण करायचं काम आहे, आणि आपल्या मुंबई-पुण्याच्या निवेदकांनी ते केलेलं माझ्या कानावर तरी आलेलं नाही.

२०२८ मध्ये त्या मुद्रणाला साठ वर्षं होतील. मी मुलाखतीचे प्रश्न काढायला घेतलेत. बीटल्स कसे वाटले, हा त्यात नाही. निरोप कोणी आणला आणि काय सांगून आणला? बिदागी किती ठरली, रोख मिळाली का? स्टुडिओत गाद्या घातल्या होत्या की खुर्च्या? हॅरिसन काचेपलीकडे होता की तुमच्यासोबत जमिनीवर? त्यानं चाल गाऊन दाखवली, सतारीवर वाजवली, की नुसता राग सांगितला? ट्रकचा भोंगा वाजला की टेक पुन्हा घ्यायचात, की तसाच ठेवायचात? रेकॉर्ड निघाल्यावर तिची प्रत घरी आली का?

इथे बसलेल्यांपैकी कोणाच्या नात्यात, शेजारात, ओळखीत त्या काळी फोर्टातल्या त्या स्टुडिओत काम केलेलं कोणी असेल, वादक, ध्वनिमुद्रक, यंत्र उतरवून घेणारे हमाल, चहा देणारा मुलगा, कोणीही, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. यंत्र घेऊनच आलोय.